फ्लोट ट्यूबवरून क्रॅपीचा चावा अचानक थांबतो तेव्हा

फ्लोट ट्यूबमध्ये, म्हणजे पाय पाण्यात सोडून एकट्याने बसायच्या हवा भरलेल्या तरंगत्या आसनात बसून, क्रॅपी हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा धरणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. सकाळी पाण्यात उतरल्यावर बुडालेल्या झाडांच्या कडेला पहिल्या अर्ध्या तासात तीन-चार चांगले मासे लागतात, आजचा दिवस भरघोस जाणार असे वाटू लागते, आणि मग त्याच झाडापाशी, त्याच जिगवर (जड डोक्याच्या गळावरच्या कृत्रिम आमिषावर) पुढचे दोन तास साधी टोचही जाणवत नाही. असे झाले की बहुतेक जण मासे निघून गेले असे समजतात आणि आमिषांचा डबा उघडून एकामागून एक रंग बदलत बसतात. पांढरा, मग पिवळा, मग गुलाबी. माझे ठाम मत आहे की रंग ही अगदी शेवटी तपासायची गोष्ट आहे. पुष्कळदा मासे होते तिथेच असतात. हललेली असते ती आपली ट्यूब, किंवा बदललेली असते ती जिगची खोली, आणि हे दोन्ही बदल इतक्या सावकाश होतात की बसल्या जागी ते ध्यानात येत नाहीत.

हे लेखन मुख्यतः उत्तर टेक्सासमधल्या पाण्यांना धरून आहे. डॅलस, प्लेनो, फ्रिस्को या पट्ट्यात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि तिथल्या अनेक वसाहतींचे नियम घरासमोर बोट उभी करू देत नाहीत; त्यामुळे हवा काढली की गाडीच्या डिकीत मावणारी फ्लोट ट्यूब हा मासेमारीची हौस असलेल्यांसाठी सोयीचा मार्ग ठरतो. या भागातली तळी जवळजवळ सगळी धरणे बांधून तयार झालेली आहेत आणि त्यांतल्या काहींत पाणी अडवताना उभी राहिलेली झाडे तशीच बुडालेली आहेत. ट्यूबसाठी लुईसव्हिल किंवा रे हबर्ड यांसारखी विस्तीर्ण, वेगवान बोटींनी भरलेली सरोवरे योग्य नाहीत. डॅलसच्या आग्नेयेस सुमारे ६५ मैलांवर असलेल्या पर्टिस क्रीक स्टेट पार्कमधले ३५५ एकरांचे तळे हे योग्य पाण्याचे चांगले उदाहरण आहे, कारण तिथे बोटींना लाट उठणार नाही इतक्या मंद गतीनेच जाता येते. शेतातली खासगी तळी मालकाच्या परवानगीने मिळाली तर ती त्याहूनही उत्तम.

उपाय समजण्यासाठी मासा थोडा ओळखून घ्यावा लागतो. क्रॅपीच्या दोन जाती आहेत. काळ्या क्रॅपीच्या अंगावर विस्कळीत ठिपके असतात आणि पाठीवरच्या पंखात सहसा सात किंवा आठ काटे असतात. पांढऱ्या क्रॅपीच्या अंगावर फिकट उभे पट्टे दिसतात आणि काटे सहापेक्षा जास्त नसतात. काळ्या जातीला तुलनेने नितळ, वनस्पती असलेले पाणी मानवते, तर पांढरी जात गढूळ पाण्यातही टिकून राहते. दोन्ही जाती ब्लूगिल आणि लार्जमाउथ बास यांच्याच सनफिश कुळातल्या आहेत, मात्र त्यांच्यापेक्षा अधिक थव्याने राहणाऱ्या आहेत. असा थवा एखाद्या झाडाच्या एकाच बाजूला, पाण्याच्या एकाच पातळीवर गोळा होऊन उभा असतो आणि हा मासा खाण्यासाठी मुख्यतः वरच्या दिशेला पाहतो. म्हणून त्याच्या डोक्याच्या फूटभर वरून जाणारे आमिष त्याला दिसते आणि फूटभर खालून जाणारे आमिष तो सहसा घेत नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक बिघाडाचे मूळ या स्वभावात आहे.

ट्यूब जागेवर राहत नाही

फ्लोट ट्यूबमध्ये आपण ज्या दिशेला तोंड करून बसतो त्याच्या उलट दिशेला जातो. पायातले फिन्स, म्हणजे पोहण्याचे रबरी पंख, मारले की शरीर मागे सरकते. मासा गळाला लागला की लक्ष सगळे रॉडवर जाते, पाय थांबतात आणि वारा ट्यूब ढकलू लागतो. मासा जाळीत घेऊन, गळ सोडवून, पुन्हा दोरी टाकेपर्यंत आपण मूळ जागेपासून दहा-पंधरा फूट सरकलेले असतो. तीन-चार मासे लागल्यावर हे अंतर इतके वाढते की थवा आपल्या फेकीच्या टप्प्यातच राहत नाही. उघड्या पाण्यात आजूबाजूला काही नसल्यामुळे आणि बसण्याची उंची अगदी कमी असल्यामुळे हा फरक नजरेला कळत नाही. उत्तर टेक्सासमध्ये वसंतात दक्षिणेचा वारा दिवस चढेल तसा जोर धरतो, आणि क्रॅपीचा उत्तम हंगामही नेमका तोच असतो. त्यामुळे "सकाळी लागले, मग थांबले" ही तक्रार मार्च-एप्रिलमध्ये सर्वाधिक ऐकू येते.

पहिला उपाय बसण्याच्या दिशेचा आहे आणि त्याला काहीही खर्च येत नाही. पाठ वाऱ्याकडे करावी आणि ज्या झाडापाशी मासे आहेत ते झाड आपल्या समोर, म्हणजे वारा जातो त्या बाजूला ठेवावे. वारा आपल्याला झाडाकडे ढकलतो आणि पायाचा हलका, संथ मार आपल्याला मागे खेचतो. या दोन जोरांचा मेळ बसला की ट्यूब जागच्या जागी राहते. फेकही वाऱ्यासोबत जाते. शिवाय मासा लागला की दोन जोरकस मारांत त्याला फांद्यांपासून दूर, मोकळ्या पाण्यात ओढता येते, हा या बैठकीचा मोठा फायदा आहे. याच्या उलट, वाऱ्याकडे तोंड करून बसल्यास वारा आणि फिन्स दोन्ही आपल्याला एकाच दिशेला, म्हणजे माशांपासून दूर नेतात, आणि पाय कितीही मारले तरी जागा टिकत नाही.

दुसरा उपाय म्हणजे जागेची खूण. कोकणातले मच्छीमार समुद्रातली ठरलेली जागा किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एखादा डोंगर आणि एखाद्या देवळाचा कळस, एका रेषेत धरून ओळखतात. तळ्यावरही तेच करावे. पहिला मासा लागताच किनाऱ्यावरचे एक झाड आणि त्यामागचा विजेचा खांब अशी एक जोडी समोर पाहून ठेवावी आणि काटकोनात दुसरी जोडी बाजूला पाहून ठेवावी. प्रत्येक माशानंतर दोन्ही जोड्या पुन्हा जुळल्या की नाही ते पाहायला दोन क्षण लागतात. किनारा सपाट आणि खुणांविना असेल तर रिकाम्या छोट्या प्लॅस्टिक बाटलीला दोरी आणि शिशाचे वजन बांधून ती पाण्यात सोडावी. मात्र ती थव्याच्या डोक्यावर टाकू नये, आठ-दहा फूट बाजूला सोडावी आणि मासे तिच्यापासून कोणत्या दिशेला आहेत ते लक्षात ठेवावे. जाताना ती आठवणीने काढून घ्यावी.

वारा सतत असेल तर नांगर लागतो. ट्यूबसाठी तीन ते पाच पौंडांचे वजन पुरते, आणि जाळीच्या पिशवीत किनाऱ्यावरचे दगड भरूनही काम भागते, त्यामुळे वजन घरापासून वाहून नेण्याची गरज नसते. नांगराची दोरी बाजूच्या कडीला अशा हुकाने अडकवावी की एका हाताच्या ओढीने ती सुटेल, आणि उरलेली दोरी मांडीवर किंवा पाण्यात सैल न सोडता गुंडाळून खिशात ठेवावी. सैल दोरी फिन्समध्ये अडकणे हा ट्यूबवरच्या धोकादायक प्रसंगांपैकी एक आहे, आणि म्हणून छातीवर सहज हाताला येईल अशी छोटी सुरी असायलाच हवी. वाहत्या पाण्यात, धरणाच्या दरवाजांखाली किंवा नदीच्या तोंडाशी ट्यूबचा नांगर कधीही टाकू नये, कारण प्रवाह ट्यूबला दोरीच्या ओढीने पालथी करू शकतो.

उभ्या बुडालेल्या झाडांत याहून सोपी सोय आहे. रबरी दातांचा मोठा चिमटा दोरीला बांधून पाण्यावर आलेल्या फांदीला लावला की ट्यूब तिथेच डोलत राहते. ज्या झाडाभोवती मासे आहेत त्याला तो न लावता शेजारच्या झाडाला लावावा. अनेक वर्षे पाण्यात उभी असलेली ही लाकडे कुजलेली असतात, म्हणून चिमटा लावण्यापूर्वी वर पाहावे आणि डोक्यावर लोंबणारी फांदी असेल तर ते झाड सोडून द्यावे.

जागा तीच, तरी चावा नाही

जागा खात्रीने तीच असेल तर पुढचा संशय खोलीवर घ्यावा. इथे एक अगदी बारीक कारण आहे, आणि ते फार थोड्यांच्या ध्यानात येते. क्रॅपीसाठी आपण बहुधा सरकता बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगून चावा दाखवणारे बोंडूक, वापरतो. या जोडणीत दोरीवर धाग्याची एक छोटी गाठ असते, तिच्याखाली मणी, मग बॉबर, आणि शेवटी जिग किंवा मिनो (आमिषाचा छोटा मासा) लावलेला गळ; बॉबर दोरीवर मोकळा सरकतो आणि धाग्याच्या गाठीपाशी येऊन थांबतो, म्हणजे ती गाठ जिथे असेल तितकी खोली मिळते. प्रत्येक मासा ओढून घेताना ही गाठ रॉडच्या कड्यांतून आत-बाहेर जाते आणि दर वेळी किंचित सरकते. चार-पाच माशांनंतर ती फूटभर सरकलेली असू शकते. आपल्या समजुतीप्रमाणे जिग सहा फुटांवर असतो, प्रत्यक्षात तो सात फुटांवर, म्हणजे माशांच्या पोटाखाली लटकत असतो. उपाय सोपा आहे. पहिला मासा लागला त्या क्षणी गाठीपासून जिगपर्यंतचे अंतर रॉडवर धरून मोजावे, रॉडवर तिथे चिकटपट्टीची खूण करावी आणि चावा मंदावला की ते पुन्हा ताडून पाहावे. धागा दोरीहून वेगळ्या, भडक रंगाचा घ्यावा, ओला करून घट्ट आवळावा, आणि तरीही सरकत असेल तर त्याच्या शेजारी दुसरी गाठ मारावी.

दुसरी तपासणी जिगच्या कडीवरची. जिग दोरीला लटकताना आडवा राहायला हवा, पाण्यात स्थिर उभ्या असलेल्या लहान माशासारखा. त्यासाठी दोरीची गाठ कडीच्या वरच्या बाजूला, गळाच्या दांड्याशी काटकोनात असावी लागते. मासा लागला, झाडाला अडकला किंवा जोराने ओढला गेला की गाठ कडीवरून पुढे, नाकाकडे घसरते आणि मग जिग शेपूट खाली करून उभा लटकतो. तो हातात धरून पाहिल्यास फरक लगेच दिसतो. नखाने गाठ मागे सरकवून पुन्हा आडवा केला की बंद पडलेला चावा कित्येकदा लगेच सुरू होतो. थंड पाण्यात, जेव्हा मासा जिगकडे बराच वेळ पाहत राहतो, तेव्हा हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. प्रत्येक माशानंतर गाठीकडे नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी, आणि त्याच वेळी शेवटच्या फूटभर दोरीवरून बोटे फिरवून ती खरखरीत झाली आहे का तेही पाहावे.

बॉबर नसेल आणि जिग फेकून ओढला जात असेल, तर खोली मोजण्याचे साधन म्हणजे आकडे मोजणे. आपला जिग आपल्या दोरीवर किती वेगाने बुडतो ते आधी किनाऱ्याजवळ, खोली माहीत असलेल्या पाण्यात मोजून घ्यावे, कारण १/३२ औंसाचा आणि १/१६ औंसाचा जिग यांच्या बुडण्यात मोठा फरक असतो आणि जाड दोरी दोघांनाही मंद करते. मग वरून सुरुवात करून प्रत्येक फेकीला एक-दोन आकडे वाढवत जावे, आणि मासा लागला तो आकडा लक्षात ठेवावा. नेहमी वरून खाली यावे. खालून वर येताना थव्याच्या खालचा मोठा भाग धुंडाळण्यात वेळ जातो.

खोली खरोखरही बदलते, ही गोष्ट वेगळी. सूर्य वर आला आणि प्रकाश सरळ पाण्यात शिरू लागला की थवा दोन-तीन फूट खाली जातो किंवा झाडाच्या सावलीच्या बाजूला सरकतो. म्हणून चावा थांबल्यावर प्रथम गाठ ताडून पाहावी, ती जागेवर असेल तर फूटभर खोल जावे, मग आणखी फूटभर, आणि त्यानंतर सावलीची बाजू पाहावी. ट्यूबला लावता येणारा छोटा फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारे यंत्र, असेल तर हे काम लवकर होते. आता दोरीला बांधून फेकता येणारे आणि फोनवर चित्र दाखवणारे गोलही मिळतात. नसला तरी अडत नाही.

ऋतूप्रमाणे सुरुवात कुठून करावी हे पाण्याच्या तापमानावरून ठरवावे. पाणी साधारण ६० ते ६८ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान आले की क्रॅपी उथळ पाण्यात, झुडपांच्या आणि बोरूच्या कडेला अंडी घालायला येतात. त्या दिवसांत दोन ते सहा फुटांत मासे मिळतात आणि घरट्याची राखण करणारे नर गडद, जवळजवळ काळे दिसतात. त्यानंतर ते खोल पाण्याच्या दिशेने परततात. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी थरांत विभागले जाते, वर गरम आणि खाली थंड, आणि खालच्या थंड थरात प्राणवायू फारच कमी उरतो. त्या सीमेखाली टाकलेले आमिष म्हणजे रिकाम्या पाण्यात टाकलेले आमिष आहे. तळ्याची खोली वीस फूट असली तरी जुलै-ऑगस्टमध्ये मासे त्याच्या बरेच वर, त्या सीमेच्या जरा वरच्या पाण्यात तरंगत असतात, हे लक्षात न घेता "खोल म्हणजे थंड, थंड म्हणजे मासे" असा हिशेब करणाऱ्यांना पूर्ण उन्हाळा कोरडा जातो. पोहत खाली गेल्यावर पायांना एकदम गारवा लागतो ती पातळी म्हणजे ही सीमा; ट्यूबवर बसून ती शोधायची तर दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर पुरतो.

चावा आहे, पण कळत नाही

कधी कधी चावा थांबलेलाच नसतो. क्रॅपी खालून वर येऊन आमिष घेतो आणि पुष्कळदा तसाच वर जात राहतो, त्यामुळे बॉबर बुडण्याऐवजी त्याचा भार उतरतो आणि तो पाण्यावर आडवा पडतो. बॉबर बुडण्याची वाट पाहणारा माणूस हे चावे एकामागून एक सोडत असतो. बॉबर आडवा झाला, तिरका झाला किंवा लाटेच्या विरुद्ध दिशेला हलला, की सैल दोरी गुंडाळून रॉड हलकेच वर घ्यावा. जिग थेट दोरीवर असेल तर ताणलेली दोरी अचानक ढिली पडणे हीच खूण समजावी. यासाठी बॉबर लहान आणि उभट असावा आणि त्याला इतकेच शिसे लावावे की फक्त त्याचा माथा पाण्याबाहेर राहील. गोल, मोठा, रंगीत बॉबर असा चावा दाखवतच नाही. वाऱ्याने दोरीला पोट आले असेल तर रॉडचे टोक पाण्याजवळ आणावे. ट्यूबवर आपण आधीच पाण्याच्या पातळीवर असल्यामुळे हे बोटीपेक्षा सोपे जाते.

लागलेला मासा जाळीपर्यंत येत नाही

क्रॅपीच्या तोंडाभोवतीची कातडी कागदासारखी पातळ असते आणि अमेरिकेत त्याला कागदी तोंडाचा म्हणतात ते त्यामुळेच. झटका दिला की गळ कातडी फाडून निघतो. रॉड मऊ असावा, रिळाचा ब्रेक सैल असावा आणि मासा लागल्यावर मनगट न उडवता रॉडला नुसता बाक येऊ द्यावा. चार ते सहा पौंडांचा ताण सोसणारी दोरी पुरेशी आहे. पांढऱ्या क्रॅपीचा विक्रमी मासा १९५७ साली मिसिसिपीतल्या एनिड येथे मिळाला तो ५ पौंड ३ औंसांचा होता आणि काळ्या क्रॅपीचा २०१८ साली टेनेसीतल्या एका तळ्यात मिळाला तो ५ पौंड ७ औंसांचा. म्हणजे जगातला सर्वांत मोठा क्रॅपीसुद्धा सहा पौंडांच्या आत आहे, आणि जाड दोरीने मिळवण्यासारखे काही नाही. पातळ तारेचा गळ घ्यावा. तो झाडात अडकला तर सरळ होऊन सुटून येतो आणि बोटांनी पुन्हा वाकवता येतो, त्यामुळे ट्यूब झाडात घुसवून थवा उधळण्याची वेळ येत नाही.

ट्यूबवर आणखी एक अडचण येते ती रॉडच्या लांबीची. किनाऱ्यावर दहा फुटी रॉड छान चालतो, पण ट्यूबमध्ये आपण उभे राहू शकत नाही, हात मागे नेला तरी मासा आवाक्याबाहेर राहतो, आणि मग दोरी हातात धरून मासा उचलण्याचा मोह होतो. त्याच क्षणी तो सुटतो. सात फुटांच्या आसपासचा रॉड आणि लांब दांड्याची, मनगटाला दोरीने बांधलेली हातजाळी ही माझ्या मते सर्वांत सोयीची जोडी आहे. जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवावी आणि मासा तिच्यावर आणावा. जाळी माशाच्या मागे धावू लागली की तो उसळतो. फ्लाय रॉड वापरणाऱ्यांनी आठ ते दहा नंबरच्या गळावरचा वूली बगर (पिसांचे कृत्रिम आमिष) आणि समोरच्या कापडी पडद्यावर गोळा करून ठेवलेली दोरी यावर भर द्यावा, कारण पाण्यात सोडलेली दोरी थेट फिन्सकडे जाते.

ट्यूबच मासे बिथरवते का?

उथळ पाण्यात होय. तीन-चार फूट पाण्यात फिन्सचा प्रत्येक जोराचा मार तळातला गाळ उडवतो, आणि वसंतात अंड्यांवर असलेले मासे त्याने हटतात. अशा ठिकाणी पाय जवळजवळ आडवे धरून, गुडघ्यापासून न हलवता घोट्यापासून हलके मारावेत आणि माशांपासून वीस-पंचवीस फूट दूर राहावे.

हवेचाही संबंध आहे, आणि तो अनेकांना अनपेक्षित वाटतो. गरम गाडीतून काढून उन्हात फुगवलेली ट्यूब थंड पाण्यात गेल्यावर दहा मिनिटांत मऊ पडते, कारण आतली हवा आकसते. मऊ ट्यूब खोल बसते, वाऱ्यात अधिक वळते आणि पायांना अधिक काम देते. तिला भोक पडले असे समजून घाबरण्याचे कारण नाही, पाण्यात थोडा वेळ ठेवून मग हवा पुरी भरावी. उलट, घट्ट भरलेली ट्यूब दुपारी किनाऱ्यावर उन्हात ठेवल्यास शिवण उसवू शकते, म्हणून जेवायला बसताना थोडी हवा सोडून द्यावी.

क्रॅपीऐवजी दुसरेच लागते

बॉबर भराभर नाचतो, पण काही अडकत नाही, असे असेल तर ते बहुतेक लहान ब्लूगिल असतात आणि आपण फार उथळ आहोत असे समजावे. त्यांच्याखाली जावे किंवा मिनो लावावा. मात्र पाणी सत्तर अंशांच्या पुढे गेल्यावर, मेपासून पुढे, ब्लूगिल हाच त्या तळ्यातला उत्तम मासा असतो आणि ज्याला चवीची आस्था आहे त्याने त्याला कमी लेखू नये. त्याची घरटी वाळूच्या किंवा बारीक खड्यांच्या तळावर ताटाएवढ्या गोल खळग्यांच्या रूपात, एकाला एक लागून दिसतात. तिथे छोट्या गळावर गांडूळ पुरेसे असते. त्याच्याहून थोडा खोल रेडइअर सनफिश मिळतो, जो गोगलगायी आणि शिंपले फोडून खातो आणि तळालगतच्या आमिषाकडेच येतो. झाडाच्या बुंध्याशी जोराचा, अडवता न येणारा धक्का बसला तर तो लार्जमाउथ बास समजावा आणि त्याला ट्यूबसकट थोडे ओढू द्यावे, दोरी वाचते.

चॅनल कॅटफिश लागला तर मात्र सावध राहावे. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कुशींवरचा काटा टोकदार आणि करवतीसारखा असतो, तो हातात शिरतो आणि ट्यूबच्या कापडातूनही जाऊ शकतो. त्याला मांडीवर घेऊ नये, जाळीतच ठेवून पक्कडीने गळ काढावा.

पाण्यात उतरण्यापूर्वी

लाइफ जॅकेट अंगावर असावे, ट्यूबच्या पाठीला बांधलेले नसावे. हवेचे दोन वेगळे कप्पे असलेली ट्यूब घ्यावी आणि शिट्टी गळ्यात ठेवावी. हिवाळ्यात क्रॅपी खोल पाण्यात चांगले मिळतात, परंतु थंड पाण्यात शरीर फार लवकर निकामी होते, म्हणून चांगले वेडर (पाणी आत न येणारी लांब विजार) आणि आत उबदार कपडे नसतील तर त्या दिवसांत ट्यूब काढू नये. पूर्व टेक्सासच्या पाण्यात मगरी आहेत, आणि पाणसाप व कासवे तर जवळजवळ सगळीकडे आहेत. मासे दोरीत ओवून ट्यूबला बांधून ठेवले की ही मंडळी थेट आपल्या पायांपर्यंत येतात. बर्फाची छोटी पेटी मागच्या खणात ठेवून मासे तिच्यात घालावेत. त्यांची चवही त्याने टिकते.

टेक्सासमध्ये १७ वर्षे आणि त्यापुढच्या व्यक्तीला परवाना लागतो आणि परवान्याचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते. सर्वसाधारण नियमाप्रमाणे क्रॅपी किमान १० इंचांचा हवा आणि दोन्ही जाती मिळून दिवसाला २५ मासे ठेवता येतात. काही सरोवरांचे नियम वेगळे आहेत. लेक फोर्क आणि लेक ओ' द पाइन्स येथे १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेर लांबीची अट नाही, पण लागलेला प्रत्येक क्रॅपी ठेवावाच लागतो, कारण खोल पाण्यातून वर काढलेला मासा सोडला तरी सहसा जगत नाही. हे कारण इतर तळ्यांवरही लागू आहे. वीस-पंचवीस फुटांवरून लहान मासेच वर येत असतील तर ते एकामागून एक सोडत बसू नये, त्या थव्याला सोडून दुसरीकडे जावे. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या वन्यजीव विभागाचे चालू वर्षाचे पत्रक पाहून घ्यावे.

बाहेर पडण्याची जागा उतरण्यापूर्वीच ठरवावी. वारा ज्या किनाऱ्याकडे वाहतो त्या बाजूचा मऊ चिखल आणि दाट बोरू टाळावा, कठीण तळ असलेला उतार निवडावा, आणि दमल्यावर वाऱ्याविरुद्ध परतावे लागू नये म्हणून दिवसाची सुरुवात वाऱ्याविरुद्ध जाऊन करावी. पाय तळाला लागले की उलटे, पाठीमागे चालत बाहेर यावे, कारण फिन्स घालून पुढे पाऊल टाकणारा माणूस हमखास पडतो. चिखलात पाय रुतला तर उभे राहण्याची धडपड करू नये. पुन्हा ट्यूबमध्ये बसावे, वजन तिच्यावर टाकावे, फिनचा पट्टा सोडून पाय सावकाश काढून घ्यावा आणि थोडे बाजूला सरकून दुसऱ्या ठिकाणाहून वर यावे.